दुखणं थांबलं, तरी आईचं हाड कुरतडलं का गेलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई ५१ वर्षांच्या आहेत. तीन वर्षांपूर्वी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते त्या संधिवाताचं, निदान झालं, आणि अँटी-सीसीपी ही या आजारातली रक्तातली अँटिबॉडी बरीच जास्त आली होती. मेथोट्रेक्सेट या आजाराच्या मूळ औषधानं मळमळायचं म्हणून आठ महिन्यांपूर्वी त्यांनी ती स्वतःच बंद केली. आता प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड ५ मिलिग्रॅम आणि एक वेदनाशामक गोळी एवढंच चालू आहे. दुखणं आटोक्यात आहे, पण नव्या एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये 'इरोजन', म्हणजे हाडाच्या कडेला खाच, असं आलंय. प्रतिकारशक्तीच हाड खाते, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे पांढऱ्या पेशी हाड खातात का, दुखत नसताना हे कसं झालं, कॅल्शियम वाढवावं का आणि गेलेलं हाड परत येतं का, हे तुम्हाला हवंय. मी गेली चोवीस वर्षं संधिवाताचेच रुग्ण पाहते. तुमच्या आईंसारखी हकिगत महिन्यातून दोन-तीनदा तरी समोर येते, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

आधी एका शब्दाबद्दल. तुम्ही दोनदा 'झीज' लिहिलंय. झीज वापरून होते. जात्याची होते, चपलेची होते, साठीनंतर गुडघ्याची होते. आईंच्या हाताला झालंय ते वापरामुळे झालेलं नाही. हा शब्द घरात रुळला की घरचे सांगतात, पोळ्या लाटू नकोस, कपडे पिळू नकोस, हाताला आराम दे. हात बसून राहतो, स्नायू वाळतात, मूठ वळेनाशी होते, आणि हाड आपलं कुरतडलं जातच राहतं. म्हणून मी रुग्णांना 'कुरतडणं' हाच शब्द वापरायला सांगते.

एक्स-रे कंप्युटरवर मोठा करून बघा. पायाच्या करंगळीच्या मुळाशी जे लांबट हाड आहे त्याचं डोकं शोधा. या आजाराची पहिली खाच पुष्कळदा तिथेच पडते, हातांच्याही आधी. निरोगी हाडाची कड म्हणजे पेन्सिलीनं एका ओढीत काढलेली पांढरी रेघ. आजारात ती रेघ आधी एका जागी पुसट होते, मग तुटते, आणि तिथे अर्धगोल खाच दिसते, उंदरानं कुरतडलेल्या भाकरीच्या कडेसारखी. जागाही ठरलेली असते. हाडाच्या टोकावर कूर्चेचं गुळगुळीत टोपण असतं. ते जिथे संपतं आणि सांध्याची पिशवी जिथे हाडाला चिकटते, त्या दोन्हींच्या मध्ये हाडाची एक चिंचोळी पट्टी उघडी राहते. सांध्याचं आतलं अस्तर, म्हणजे सायनोव्हियम, तिथे हाडाला थेट टेकतं. ते अस्तर सुजून जाड झालं की पहिला घास तिथूनच घेतला जातो.

घास कोण घेतं? तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, की लढणाऱ्या पांढऱ्या पेशी स्वतः हाड खात नाहीत, पण हाड खाणारी पेशी त्यांच्याच कुळातली आहे. तिचं नाव ऑस्टिओक्लास्ट. रक्तात मोनोसाइट नावाच्या पेशी फिरतात. एरवी त्या ऊतीत शिरून मॅक्रोफेज होतात आणि जंतू, कचरा गिळतात. त्याच पेशींना वेगळा निरोप मिळाला तर त्या एकमेकींत मिसळतात, आणि अनेक केंद्रकं असलेली एक भली मोठी पेशी तयार होते. हिचं काम मुळात वाईट नाही. आपला सांगाडा सतत पाडून नव्यानं बांधला जातो, प्रौढ माणसात दर वर्षी सुमारे दहावा हिस्सा. जुनं हाड ऑस्टिओक्लास्ट काढतात, नवं ऑस्टिओब्लास्ट घालतात.

शिकत असताना मी या पेशी हाडाच्या पातळ चकतीवर वाढवलेल्या पाहिल्या आहेत. विशिष्ट रंग दिला की त्या कोकमाच्या आगळासारख्या लालजांभळ्या होतात आणि आत आठ-दहा केंद्रकं दाण्यांसारखी मोजता येतात. त्या धुऊन काढल्या की चकतीवर मागे खड्डे राहतात, त्यांच्या वाटेच्या आकाराचे. पेशी हाडाला कडेनं घट्ट चिकटते, जणू पातेलं उपडं घालून कड लिंपून टाकली. मग त्या बंद पोकळीत आम्ल सोडते. तिथला सामू साडेचारच्या आसपास उतरतो, खनिज विरघळतं. उघड्या पडलेल्या कोलाजेनच्या दोऱ्या कॅथेप्सिन-के नावाचं विकर कापतं. हे सगळं चालू असताना दुखेलच असं नाही. तुमच्या कोड्याचा हा पहिला धागा.

आता निरोपाबद्दल, कारण आजार खरा तिथे आहे. मोनोसाइटला ऑस्टिओक्लास्ट व्हायला दोन रेणू लागतात. एम-सीएसएफ तिला जगवतो. दुसऱ्याचं नाव रँक-लिगँड, आणि तो या पेशीवरच्या 'रँक' नावाच्या कडीला जाऊन अडकतो. ती कडी हलली की आत ट्राफ-६, मग एनएफ-कप्पा-बी, आणि शेवटी एनएफएटीसी-१ असा निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचतो. या शेवटच्या प्रथिनाला या पेशीचा मुकादम म्हणा. तो उभा राहिला की हाड खाण्याची सगळी अवजारं बाहेर येतात. याला आवर घालायला शरीरानं ऑस्टिओप्रोटेजेरिन नावाची खोटी कडीही ठेवली आहे. रँक-लिगँड तिच्यात अडकला की खऱ्या कडीपर्यंत पोचत नाही. हाड राहणार की जाणार, हे पुष्कळसं या दोघांच्या प्रमाणावर ठरतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि हे प्रमाण बिघडतं. तुमच्या आईंचं वय बघता ही गोष्टही त्यांच्या विरोधात जाते.

या रेणूचा शोध दोन वेगळ्या दारांनी लागला, आणि मला ती हकिगत फार मोलाची वाटते. १९९७ साली प्रतिकारशक्तीचा अभ्यास करणाऱ्यांना रँक-लिगँड टी पेशींवर, म्हणजे एका जातीच्या लढाऊ पांढऱ्या पेशींवर, सापडला. हाडांचा अभ्यास करणारे, जपानात आणि अमेरिकेत, ऑस्टिओक्लास्ट घडवणाऱ्या रेणूच्या मागावर होते. १९९८ साली त्यांना जो हाती लागला तो हाच. १९९९ साली हा रेणू नसलेले उंदीर तयार केले गेले. त्यांच्यात ऑस्टिओक्लास्ट अजिबात नव्हते, हाडं दगडासारखी भरीव झाली, दात हिरडीतून वर आले नाहीत. आणि त्यांच्यात लसिका ग्रंथीही तयार झाल्या नाहीत. म्हणजे जंतूंशी लढणारं खातं आणि हाडाची डागडुजी करणारं खातं एकच शिक्का वापरतात. रक्ताच्या पेशी हाडाच्या पोटातल्या मगजातच जन्मतात, तेव्हा दोघांचा घरोबा जुनाच आहे. एका खात्यात गोंधळ माजला की दुसऱ्या खात्यात नको ते हुकूम सुटतात. २००० साली या अभ्यासाला 'ऑस्टिओइम्युनॉलॉजी' असं स्वतंत्र नावच मिळालं.

तुमच्या आईंसाठी सगळ्यात महत्त्वाचा प्रयोगही १९९९ चाच. संधिवात झालेल्या उंदरांना ऑस्टिओप्रोटेजेरिन टोचलं. सांधे सुजलेलेच राहिले, पण हाड वाचलं. पुढे २००२ मध्ये, ज्यांच्यात ऑस्टिओक्लास्ट तयारच होऊ शकत नाहीत अशा उंदरांतही तेच दिसलं: सूज भरपूर, खाच एकही नाही. माणसांतही, १९९८ साली एलन ग्रॅव्हॅलीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या सांध्यांचे तुकडे तपासले, तेव्हा खाचेच्या तळाशी याच पेशी बसलेल्या आढळल्या. सूज आणि हाडाचं कुरतडणं यांचं मूळ एक असलं तरी वाटा दोन आहेत. एक वाट अडवली म्हणून दुसरी आपोआप अडत नाही.

मग आईंच्या सांध्यात हा चुकीचा हुकूम देतं कोण? सुरुवातीला सगळ्यांना वाटलं टी पेशीच, कारण रेणू त्यांच्यावरच सापडला होता. पण टी पेशी इंटरफेरॉन-गॅमा नावाचा रेणूही सोडतात, आणि तो ट्राफ-६ मोडून ऑस्टिओक्लास्टला थांबवतो, असं २००० साली हिरोशी ताकायानागी यांच्या गटानं दाखवलं. मग सगळ्या टी पेशी एकाच माळेचे मणी कशा? २००६ मध्ये खुलासा झाला, की टीएच-१७ नावाची एक उपजात यातली खरी चिथावणीखोर आहे. ती इंटरल्युकिन-१७ नावाचा निरोप्या रेणू सोडते, अस्तर बांधणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी त्यानं भडकतात, आणि रँक-लिगँडचा मुख्य पुरवठा या फायब्रोब्लास्टच करतात. टीएनएफ आणि इंटरल्युकिन-६ हे सूज वाढवणारे रेणू त्याच आगीत तेल ओततात. टीएनएफ तर तिहेरी नुकसान करतो. फायब्रोब्लास्टकडून रँक-लिगँड काढून घेतो, कच्च्या मोनोसाइटांची संख्या वाढवतो, आणि डीकेके-१ नावाचं प्रथिन वाढवून हाड बांधणाऱ्यांचे हात बांधतो. हा तिसरा भाग २००७ मध्ये स्पष्ट झाला. पडझड होते आणि डागडुजी होत नाही, म्हणून खाच उघडीच राहते. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसमध्ये पाठीच्या मणक्यांत उलट जादा हाड वाढतं. दोन्ही आजार संधिवाताचेच, पण हाडाशी वागणूक इतकी वेगळी.

अँटी-सीसीपीचा धागा इथेच जोडते. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची, एक आपली. ऑस्टिओक्लास्टचंही तसंच आहे. रँक-लिगँड ही एक किल्ली. दुसरी किल्ली पेशीच्या आत कॅल्शियमची लाट उठवणाऱ्या, रँकसारख्याच दुसऱ्या काही कड्या फिरवतात, आणि त्यांतला एक भाग अँटिबॉडी पकडणाऱ्या कड्यांशी जोडलेला असतो. म्हणजे सिट्रुलिन हा बदललेला घटक असलेल्या प्रथिनांविरुद्ध तयार झालेल्या अँटिबॉडींना, म्हणजेच अँटी-सीसीपीला, हाड खाणाऱ्या पेशीपर्यंत थेट दार आहे. या अँटिबॉडी सांधे सुजण्याच्या काही वर्षं आधीपासून रक्तात असू शकतात. सांधा अजून एकदाही न सुजलेल्या, पण अँटिबॉडी असलेल्या लोकांच्या हाडांत बारीक बदल सापडले आहेत. म्हणून अँटी-सीसीपी जास्त असलेल्या रुग्णाचं दुखणं कमी असलं तरी मी गाफील राहत नाही.

आता आईंच्या गोळ्यांकडे येऊ. वेदनाशामक गोळी प्रोस्टाग्लँडिन नावाचे दुखणं वाढवणारे रेणू कमी करते. दुखणं, सकाळचा आखडलेपणा उतरतो. पण वर सांगितलेल्या हुकमांच्या साखळीला ती अडवत नाही. प्रेडनिसोलोनची गोष्ट गुंतागुंतीची आहे आणि इथे मला दोन्ही बाजू सांगायलाच हव्यात. थोड्या मात्रेत ते सांध्याच्या खाचा मंदावतं, हे चाचण्यांत दिसलंय. पण बाकीच्या सांगाड्यात ते हाड बांधणाऱ्या पेशी मारतं, ऑस्टिओक्लास्टचं आयुष्य वाढवतं, ऑस्टिओप्रोटेजेरिन घटवतं. हाडाची घनता पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सगळ्यात वेगानं पडते. मेथोट्रेक्सेटचा परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, तोवरचा पूल म्हणून स्टिरॉइड ठीक. पुलावरच संसार मांडला तर हाड दोन्हीकडून जातं. (गावोगाव मिळणाऱ्या 'हमखास' पुड्यांबद्दलही हेच सांगते. दोन दिवसांत जादू झाली तर पुडीत स्टिरॉइड असण्याची शंका घ्या. तशा पुड्या वर्षभर घेऊन मणका खचलेल्या बाया मी तपासल्या आहेत.)

मेथोट्रेक्सेट बंद झाली, हे मला या सगळ्यात कळीचं वाटतं. मळमळीवर उपाय आहेत. गोळी रात्री जेवणानंतर घेणं, आठवड्याची मात्रा त्याच एका दिवशी दोनदा विभागून घेणं, फॉलिक ॲसिडचा डोस वाढवणं, आणि तरीही जमलं नाही तर तेच औषध कातडीखाली इंजेक्शननं घेणं. इंजेक्शनवर गेलेल्या माझ्या कित्येक रुग्णांची मळमळ गेली. पण जुन्या चिठ्ठीवरून घरीच परत सुरू करू नका. रक्तपेशी, यकृत आणि क्रिएटिनिन तपासून तुमच्या डॉक्टरांनीच मात्रा ठरवायची. आणि ही गोळी आठवड्यातून एकदाच. माझ्याकडे एक आजी तोंडभर फोड आणि ताप घेऊन आल्या होत्या. चिठ्ठी नीट न समजल्यानं अकरा दिवस त्यांनी ती रोज घेतली होती, पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. थोडक्यात वाचल्या. तेव्हापासून मी चिठ्ठीवर वार लिहिते, 'फक्त रविवारी', आणि तो घरच्यांकडून मोठ्यानं वाचून घेते.

मेथोट्रेक्सेट पुरी पडली नाही तर पुढची औषधं याच साखळीचे वेगवेगळे दुवे तोडतात. टीएनएफ रोखणारी इंजेक्शनं १९९८-९९ पासून या आजारात वापरात आहेत. त्यांचा पाया लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रवींदर मैनी यांनी घातला. टोसिलिझुमॅब इंटरल्युकिन-६ ची वाट अडवतं. टोफासिटिनिबसारख्या गोळ्या पेशीच्या आत, जॅक नावाच्या विकरांवर काम करतात. इन्फ्लिक्सिमॅब या टीएनएफ रोखणाऱ्या औषधाच्या मोठ्या चाचणीत एक विलक्षण गोष्ट दिसली. ज्यांचं दुखणं आणि सूज औषधानं म्हणावी तशी उतरली नाही, त्यांच्याही हाडाचं कुरतडणं मंदावलं. तुमच्या आईंचं चित्र नेमकं याच्या उलट आहे, दुखणं उतरलं आणि हाड गेलं. ही औषधं सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी आपल्याकडे टाळताच येत नाही, कारण टीएनएफ रोखला की झोपलेला क्षय उठू शकतो. टोफासिटिनिबबद्दल वय, तंबाखू-सिगारेट, हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या हे सगळं विचारूनच ठरवावं लागतं. गोळी आहे म्हणून ती सौम्य, असं समजू नका.

रँक-लिगँडलाच थेट पकडणारं औषध का देत नाहीत, असं तुम्ही विचाराल. डेनोसुमॅब तेच करतं, दर सहा महिन्यांनी एक इंजेक्शन. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ऱ्हुमॅटॉइडच्या रुग्णांमध्ये त्यानं खाचा कमी केल्या, आणि २०१७ पासून जपानमध्ये या कारणासाठी त्याला मान्यता आहे. पण सूज तशीच राहते आणि कूर्चाही वाचत नाही. कूर्चा ऑस्टिओक्लास्ट फारशा खात नाहीत, ती फायब्रोब्लास्टच्या विकरांनी विरघळते. म्हणून मी ते मूळ औषधाच्या जागी कधीच देत नाही. पाळी गेलेली, स्टिरॉइडवर असलेली, हाडं आधीच ठिसूळ असलेली बाई असेल तर मूळ औषधाच्या जोडीला देते. आधी ड जीवनसत्त्व भरून काढते, दात तपासून घेते, आणि घरच्यांना बजावते की हे इंजेक्शन मध्येच सोडायचं नाही. सोडलं की दबलेल्या पेशी एकदम उसळतात आणि मणक्यांची हाडं मोडू शकतात.

कॅल्शियमचं उत्तर सोपं आहे. स्टिरॉइड चालू आहे तोवर आहारातून आणि गरज असेल तर गोळीतून पुरेसं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हवंच. पण त्यानं खाच थांबत नाही. दारात विटा-सिमेंट आणून टाकलं म्हणून पाडणारे थांबत नाहीत आणि हात बांधलेले गवंडी कामाला लागत नाहीत. हिरड्यांकडे मात्र लक्ष द्या. हिरड्यांच्या जुनाट आजारातला एक जंतू प्रथिनांमध्ये सिट्रुलिन तयार करतो, आणि दाताभोवतीचं हाडही याच रँक-लिगँडच्या वाटेनं जातं. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दंतवैद्याकडे जाणं हा या आजाराच्या उपचाराचाच भाग समजा.

गेलेलं हाड परत येतं का? आजार पूर्ण शांत ठेवला तर लहान खाचेची कड पुन्हा ठळक होताना, थोडी भरतानाही मी पाहिली आहे. तसं क्वचित घडतं, आणि त्याच्या भरवशावर राहू नये. नवी खाच पडू न देणं मात्र आज बहुतेक रुग्णांमध्ये शक्य आहे. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ साली घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत प्रौढांमध्ये या आजाराचं प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळलं होतं. म्हणजे दर दोनशे माणसांत एक. इतका आजार आपल्या अवतीभोवती असताना वाकडी बोटं बघून 'वयाचं आहे' म्हणून सोडून देणं मला सहन होत नाही.

पुढच्या भेटीला जाताना दोन्ही हात आणि दोन्ही पाय यांचे एक्स-रे घेऊन जा, फक्त दुखऱ्या बाजूचे नकोत. आईंच्या बोटांच्या मुळाशी असलेले चारही उंचवटे हस्तांदोलन करताना दाबतो तसे आडवे हलकेच दाबून बघा, तसेच पायाचेही. गोळ्यांवर 'काही दुखत नाही' म्हणणारी माणसं तिथे दचकतात. तसं झालं, किंवा सीआरपी हे रक्तातलं सूज दाखवणारं प्रथिन वाढलेलं असलं, तर पॉवर डॉपलर सोनोग्राफीबद्दल डॉक्टरांना विचारा. हाताला न लागणारी अस्तरातली धग त्यात रंगीत ठिपक्यांनी दिसते. आणि कपाटावर ठेवलेले निदानाच्या वेळचे जुने एक्स-रे शोधा. एका कागदावर मेथोट्रेक्सेट बंद केल्याची तारीख लिहा, शेजारी ज्या फिल्ममध्ये खाच नाही तिची आणि ज्या फिल्ममध्ये खाच पहिल्यांदा दिसते तिची. डॉक्टरांसमोर तो कागद आधी ठेवा आणि रिपोर्टांची फाइल नंतर उघडा.